टाचेतला काटा : एका वेदनेच्या कारणांचा इतिहास

१/ सकाळी उठून पहिले पाऊल जमिनीवर टेकवताच टाचेत कळ जाते. चार पावले चालल्यावर ती ओसरते आणि बराच वेळ उभे राहिल्यास पुन्हा बळावते. ही वेदना पुरातन आहे. तिचे कारण मात्र काळाप्रमाणे बदलत गेले, आणि प्रत्येक चुकीच्या कारणाची किंमत रोग्याने मोजली.

२/ सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानाचा पहिला अध्याय वातव्याधींचा आहे. त्यात 'वातकंटक' नावाचा विकार येतो. पाऊल वेडेवाकडे पडल्याने वात घोट्या-टाचेच्या भागात ठाण मांडतो व वेदना उत्पन्न करतो, असे त्याचे वर्णन आहे. पुढच्या चिकित्साग्रंथांत त्यावर रक्तमोक्षण, एरंडतेल आणि तापलेल्या सुईचा डाग हे उपाय सांगितले आहेत.

३/ वातकंटक आणि आजची टाचदुखी हे तंतोतंत एकच, असा दावा करता येत नाही. तरीही वेदनेचे मूळ पाऊल पडण्याच्या रीतीत शोधले गेले, ही गोष्ट लक्षणीय आहे. पुढे आधुनिक वैद्यकाला त्याच दिशेने यायला बराच काळ लागला.

४/ आधुनिक वैद्यकातील या विकाराचे पहिले वर्णन १८१२ साली विल्यम वुड यांनी केले, असे मानले जाते. त्यांनी त्याचा संबंध क्षयाशी जोडला. क्षयाने युरोपात घरेच्या घरे रिकामी होत असताना अनाकलनीय हाडदुखीचा संशय त्याच्यावर जाणे स्वाभाविक होते.

५/ सामान्य माणसांचे निरीक्षण वेगळे होते. इंग्रजीत या दुखण्याला 'पोलिसाची टाच' असे नाव पडले. तासन्‌तास पायी गस्त घालणाऱ्या शिपायांना ते जडते, हे लोकांनी ओळखले होते. त्या नावातच भार आणि श्रम हे कारण दडलेले होते.

६/ १८९५ साली रोंटगेन यांनी क्ष-किरण शोधले आणि जिवंत माणसाचे हाड डोळ्यांना दिसू लागले. काही रोग्यांच्या टाचेच्या हाडाला पुढे आलेले अणकुचीदार टोक दिसले. १९०० च्या सुमारास जर्मन वैद्यकीय लेखनात त्याची चर्चा सुरू झाली. दुखणे काट्यासारखे टोचते आणि चित्रात काटाच दिसतो, मग अधिक पुरावा कशाला हवा?

७/ हा काटा येतो कोठून? १९०६ साली अमेरिकेत बाल्टिमोरचे शल्यविशारद विल्यम बेअर यांनी त्याचे मूळ परम्याच्या जंतूंत असल्याचे मांडले. परमा हा लैंगिक संसर्ग. त्यामुळे टाचेच्या दुखण्याबरोबर रोग्याच्या चारित्र्यावरही बोट ठेवले जाण्याची वाट मोकळी झाली. या मतात सत्याचा अंश होता, कारण काही संसर्गांनंतर सांध्यांना आणि टाचेला सूज येऊ शकते. पण अपवादाला नियम ठरवले गेले.

८/ काटा छाटून टाकण्याच्या शस्त्रक्रियाही होत राहिल्या. पुढे मात्र ध्यानात आले की काटा असलेल्या अनेकांची टाच मुळीच दुखत नाही आणि दुखणाऱ्या अनेकांना काटा नसतो. मराठी घरांत 'टाचेचे हाड वाढले आहे' हे निदान आजही ऐकू येते. क्ष-किरणांनी दाखवलेले ते जुने चित्र भाषेत टिकून राहिले आहे.

९/ १९५४ साली जे. एच. हिक्स यांनी पावलाची यंत्रणा उलगडली. टाचेपासून बोटांच्या मुळापर्यंत एक चिवट पट्टा जातो. चालताना बोटे वर वळली की तो रहाटावरच्या दोरासारखा ताणला जातो आणि पावलाची कमान उचलली जाते. म्हणजे प्रत्येक पावलागणिक टाचेपाशी ओढ बसते.

१०/ 'प्लांटर फॅसायटिस' या नावात या पट्ट्याचा दाह गृहीत धरलेला आहे. २००३ साली हार्वे लेमॉन्ट व सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेतून काढलेल्या ५० रोग्यांच्या ऊतींचे नमुने तपासले. त्यांत दाहाऐवजी तंतूंची झीज व विघटन दिसले. जुनाट टाचदुखीत स्टेरॉइडच्या इंजेक्शनाचा आराम अल्पकाळच का टिकतो, याचा विचार या दृष्टीने होऊ लागला. वारंवार इंजेक्शने घेतल्यास पट्टा तुटण्याचा धोकाही असतो.

११/ त्याच वर्षी बेनेडिक्ट डिजिओव्हानी व सहकाऱ्यांनी किमान दहा महिने दुखणे असलेल्या १०१ रोग्यांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. व्यायाम साधा होता : दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर घ्यावा, बोटे हाताने नडगीकडे ओढावीत, दहा अंक मोजावेत आणि असे दहा वेळा करावे. दिवसातून तीनदा, आणि पहिली खेप सकाळचे पहिले पाऊल टाकण्यापूर्वी. आठ आठवड्यांनी हा गट केवळ पोटरीचा स्नायू ताणणाऱ्या गटापेक्षा सरस ठरला. दोन वर्षांनंतर मात्र दोन्ही गटांची वेदना पुष्कळ घटलेली होती.

१२/ आज बहुतेक रोगी शस्त्रक्रियेविना बरे होतात. ताण देणारा व्यायाम, आधार देणारी पादत्राणे, उभे राहण्याचा भार कमी करणे आणि काही महिन्यांचा धीर हेच मुख्य उपचार होत. बधिरपणा, ताप, रात्रीची वेदना किंवा पडल्यानंतरचे दुखणे असल्यास मात्र तपासणी अटळ आहे.

१३/ ज्या काळाला ज्याचे भय किंवा ज्या साधनाचे अप्रूप, त्याच्या माथी ही वेदना मारली गेली : कधी क्षय, कधी परमा, कधी चित्रात दिसलेला काटा. गस्तीच्या शिपायाचे पाय किती तास उभे आहेत, हा प्रश्न मात्र दीर्घकाळ कोणी गांभीर्याने विचारला नाही. उत्तराची वाट त्याच प्रश्नातून जात होती.