चित्रातला वाडा

वर्ध्यात राजवाड्याची गोष्ट कशाला, असे कोणी विचारील. आपला जिल्हा १८६२ साली नागपुरातून वेगळा निघाला. त्याआधी हा मुलूख भोसल्यांचा. तेव्हा आमचा राजवाडा नागपूरचाच. तिसरे रघुजी १८५३ साली वारले आणि राज्य खालसा झाले. काळ्या दगडाचा, लाकडी कोरीवकामाने नटलेला वाडा १८६४ साली जळाला. महाद्वार तेवढे उरले.

जळालेला वाडा पाहावयाचा तो चित्रातच. पण चित्र वाचावे कसे? पुण्याचा शनिवारवाडा ते शिकवितो. १७३२ साली पुरा झालेला हा वाडा १८२८ च्या आगीत गेला. जोते, तट व दरवाजे राहिले. आतला गणेश महाल मात्र एका चित्रात टिकला आहे. टिपूविरुद्ध १७९० साली झालेल्या तहाचा दरबार थॉमस डॅनियलने १८०५ साली विलायतेत रंगविला. आधार होता जेम्स वेल्सच्या रेखाटनांचा, आणि वेल्स पुण्यास आला तो तहानंतर. म्हणजे दरबाराची बैठक मागाहून जुळविलेली. महाल मात्र डोळ्यांनी पाहिलेला!

त्या बैठकीत सवाई माधवराव गादीवर, जवळ नाना फडणवीस, इंग्रज वकील मॅलेट आणि ओळीने मानकरी. गादीपासून कोण किती दूर, यावरून त्याचा मान कळतो. ही मांडणी सत्तेची. पण भोवतालचे सुरूदार खांब आणि नक्षीदार महिरपी कोणाच्या? त्या घडविणारा सुतार चित्रात कोठेच नाही. त्याचे काम दरबारात बसले, तो बाहेर राहिला.

चित्रकाराचेही असेच होई. पुण्याच्या गंगाराम तांबटाने मॅलेटसाठी वेरूळची लेणी रेखाटली. आडनाव तांबटकामाचे, हात मात्र पेन्सिलीवर बसलेला. त्याचे नाव आज आपल्याला ठाऊक आहे, कारण मॅलेटने त्याची चित्रे जपून ठेवली. ज्यांना असा आश्रय मिळाला नाही, त्या कारागिरांची नावे कोणी लिहिलीच नाहीत.

म्हणून आम्हांस वाटते, आपल्या भागातले मालगुजारांचे जे वाडे अजून उभे आहेत, त्यांचे खांब, तुळया, चौकटी कोणीतरी मोजून कागदावर उतरवाव्यात. शाळेतल्या मुलांनाही हे जमेल. आणि गावातल्या म्हाताऱ्यांना विचारून, धन्याच्या नावाशेजारी सुताराचे व गवंड्याचे नावही लिहावे. नागपूरच्या वाड्याच्या बाबतीत ती वेळ निघून गेली. येथे अजून गेलेली नाही.