उन्हाचा जमाखर्च

श्रोतेहो, ऊन फुकट, मग त्याची वीज घ्यायला पैसे का पडावेत, असा प्रश्न पारावर हटकून निघतो. ऊन फुकट खरे. पण ते धरणारे भांडे फुकट नाही. शंभरावर वर्षे माणसाने हाच हिशेब मांडला आहे.

१८७८ च्या सुमारास विल्यम अ‍ॅडम्स या इंग्रज अधिकाऱ्याने मुंबईत कुलाब्याला सपाट आरसे जोडून उन्हावर अडीच अश्वशक्तीचे बाष्पयंत्र चालवले. तेव्हा गिरण्यांचा कोळसा विलायतेहून येई, सरपणही महाग. वाचलेला कोळसा हीच त्याने उन्हाची किंमत धरली.

पुढे १९५० नंतर दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेने सूर्यचूल काढली. ती घरोघर गेली नाही. जिथे काटक्या वेचून, गोवऱ्या थापून चूल पेटते, तिथे सरपण वाचले तरी गाठीला रोकड पडत नाही.

आता पुण्याकडे या. इथे गच्च्यांवर पाणी तापवणारे सौरबंब आले आणि टिकले. गीझरचे बिल कमी झालेले दर महिन्याला दिसले! पुणे महानगरपालिकेनेही अशा घरांना मिळकतकरात सवलत दिली.

विजेच्या तावदानांचेही तेच. १९५४ साली अमेरिकेत निघालेला सिलिकॉनचा सौरघट उन्हाचा जेमतेम ६ टक्के भाग विजेत बदली. आज हे प्रमाण २० टक्क्यांवर गेले असून किंमत खूपच उतरली आहे.

मग घ्यावे का? गणित करू. समजा, ३ किलोवॅटचा संच १,८०,००० रुपयांना पडला. २०२४ च्या सूर्यघर योजनेचे अनुदान ७८,०००. पदरचे गेले १,०२,०००. वर्षाला सुमारे ४,००० युनिट वीज झाली आणि युनिटमागे ८ रुपये वाचले, तर वर्षाचे ३२,०००. सव्वातीन वर्षांत मुद्दल फिटले. पण ज्याचे बिलच महिन्याला ३०० रुपये, त्याची बचत वर्षाला फार तर ३,६००. त्याने हाच संच घेतला, तर मुद्दल फिटायला अठ्ठावीस वर्षे! शिवाय कर्जाचे व्याज, झाडाची सावली, काचेवरची धूळ हेही खर्चात धरा.

गुरुजी, हे उदाहरण फळ्यावर घाला. आकडे मात्र मुलांच्या घरच्या बिलांतले घ्या. आणि शेतकरी बंधूंनो, विकणारा किती वीज होईल ते सांगेल; आपला कोणता खर्च वाचेल, ते आपणच मोजून मग सही करा.