तळटीप १४ : ‘पंतांचा आवाज’

१४. येथे ‘पंत’ म्हणजे गावातले कुणी वडीलधारे नव्हेत, तर आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावरील ‘पुन्हा प्रपंच’ या श्रुतिकामालिकेतले गृहस्थ. ती भूमिका बाळ कुडतरकर (१९२१–२०२०) करीत. टेकाडे भावजी प्रभाकर जोशी आणि मीनावहिनी नीलम प्रभू. उतारा ज्या भागातला आहे त्या डहाणू-तलासरीकडे पुण्यापेक्षा मुंबईचे केंद्र जवळचे, म्हणून मजकुरात नुसते ‘पंत’ म्हटले तरी पुरते. कुडतरकर हे निवेदक. मग पंतांच्या भूमिकेवरून त्यांना चरित्र अभिनेता कसे म्हणावे, असा आक्षेप येऊ शकतो. तो टिकणारा नाही. पंत उभे करायला चष्मा, उपरणे, आरामखुर्ची यांतले काहीच हाताशी नसे. शब्दाआधीचा हुंकार आणि मायक्रोफोनपासूनचे अंतर, एवढ्यावरच भागवायचे. याला अभिनय नाही तर काय म्हणायचे? अनुबोधपटांच्या मराठी निवेदनातून हाच आवाज चित्रपटगृहांतही पोचला. मुख्य चित्रपटाआधी फिल्म्स डिव्हिजनचे पट दाखवणे परवान्याच्या अटीनेच बंधनकारक होते, त्यामुळे तिकीट काढणाऱ्याची त्यांतून सुटका नसे! मुंबईच्या मध्यमवर्गीय घरातली ही भाषा तलासरीच्या वारली श्रोत्याला कितपत आपली वाटावी, ही शंका मात्र रास्त. वारली आणि गुजराती कानावर असलेल्या या पट्ट्यात पंतांचे टोमणे सर्वांना सारखेच भिडले, असे येथे म्हणायचे नाही. पण उताऱ्यातला बोलणारा भाषेची नव्हे, आवाजातल्या अधिकाराची नक्कल करतो आहे. पडद्यामागून सरकारी माहिती सांगणारा आणि घरात कुरकुरणारा माणूस एकच, ही त्याच्या बोलण्यातली खोच आहे.