फित्रा

फित्रा : रमजान महिन्याचे उपवास संपल्यावर ईदच्या नमाजापूर्वी गरजूंना द्यावयाचे इस्लाम धर्मातील बंधनकारक दान. ‘सदका-ए-फित्र’ आणि ‘जकातुल्फित्र’ ही त्याची शास्त्रीय नावे होत. ‘फित्र’ या अरबी शब्दाचा अर्थ उपवास सोडणे असा असून ‘ईदुल्फित्र’ या सणाच्या नावातही तोच शब्द आहे. जकात संपत्तीवर आकारली जाते, तर फित्रा माणशी असतो. घरात जेवढी माणसे तेवढी मापे धान्य, असा त्याचा मूळ हिशेब आहे. मात्र कोणते धान्य आणि कोणते माप, या प्रश्नाचे उत्तर सर्व प्रदेशांत व सर्व काळी एक राहिलेले नाही. पूर्व विदर्भातील चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत मुख्य पीक भाताचे आणि फित्र्याचा हिशेब गव्हाचा, अशी स्थिती असल्याने या प्रश्नाचा इतिहास तेथे विशेष स्पष्टपणे पाहता येतो.

रमजानचे उपवास आणि फित्रा या दोहोंचा आदेश हिजरी सनाच्या दुसऱ्या वर्षी (इ. स. ६२४) झाला, असे परंपरा सांगते. अब्दुल्ला इब्न उमर यांनी कथन केलेल्या हदीसनुसार महंमद पैगंबरांनी स्वतंत्र व गुलाम, स्त्री व पुरुष, लहान व थोर अशा प्रत्येक मुसलमानामागे एक साअ खजूर किंवा एक साअ जव देणे ठरवून दिले आणि लोक नमाजासाठी बाहेर पडण्यापूर्वी ते पोचते करावे, असे सांगितले. उपवासात घडलेल्या उणिवांची शुद्धी आणि गरिबांच्या अन्नाची सोय, असे त्याचे दुहेरी प्रयोजन इब्न अब्बास यांच्या कथनात आढळते. सणाच्या दिवशी कोणावरही हात पसरण्याची वेळ येऊ नये, हा त्यामागील हेतू होय.

अबू सईद अल्-खुद्री यांच्या कथनात जव व खजूर यांखेरीज मनुका आणि वाळवलेले दही यांचाही उल्लेख येतो. गव्हाचा प्रश्न पुढे उद्‌भवला. मदीनेत गहू महाग व दुर्मिळ होता. मुआविया मदीनेस आले असता सिरियाचा दोन मुद्द गहू हा एक साअ खजुरांच्या तोडीचा आहे, असे मत त्यांनी व्यासपीठावरून मांडले व लोकांनी ते स्वीकारले. अबू सईद मात्र अखेरपर्यंत पूर्ण साअच देत राहिले. चार मुद्द म्हणजे एक साअ. तेव्हा गव्हाचा फित्रा अर्धा साअ झाला. हनफी पंथाने अर्धा साअ गहू प्रमाण मानला, तर शाफिई, मालिकी व हंबली पंथांनी सर्वच धान्यांना पूर्ण साअ कायम ठेवला. म्हणजे मुळातच हा नियम एका बाजारपेठेतील दोन जिनसांच्या भावांच्या तुलनेतून घडलेला आहे, ही गोष्ट पुढील वादांत सहसा विसरली जाते.

साअ हे वजन नसून आकारमानाचे माप आहे. मुद्द म्हणजे मध्यम बांध्याच्या माणसाची भरलेली ओंजळ. पायली व कुडव या मापांनी धान्य मोजणाऱ्या झाडीपट्टीतील शेतकऱ्याला हे माप मुळीच परके वाटण्याचे कारण नव्हते. अडचण आली ती मापाचे वजनात रूपांतर करताना. इराकी परंपरेत साअ आठ रत्लांचा, तर हिजाझी परंपरेत सव्वापाच रत्लांहून किंचित अधिक, म्हणजे पाच पूर्णांक एक तृतीयांश रत्लांचा मानला जाई. अबू हनीफांचे शिष्य अबू यूसुफ यांनी मदीनेतील घराघरांत जपलेली मापे पाहून हिजाझी मत स्वीकारल्याचे सांगतात. तथापि भारतातील हनफींनी आठ रत्लांचे मापच चालू ठेवले.

त्याचे भारतीय तोल्यांतील रूपांतरही एकमताने झाले नाही. देवबंद परंपरेतील रूढ हिशेबाने अर्धा साअ म्हणजे पावणेदोन शेर. ८० तोळ्यांचा शेर धरल्यास १४० तोळे, म्हणजेच १·६३३ किग्रॅ. भरतात. बरेली परंपरेत अमजद अली आझमी (मृत्यू १९४८) यांच्या बहारे शरीअत या ग्रंथातील १७५॥ रुपये भार हे परिमाण मान्य असून ते सु. २·०४५ किग्रॅ. होते. १९५६ च्या वजनमाप कायद्यानंतर शेर व तोळे व्यवहारातून गेले, पण फित्र्याच्या घोषणांतील दशांश चिन्हापुढील आकड्यांत ते अद्याप टिकून आहेत. दोन हिशेबांतील फरक माणशी सु. ४१२ ग्रॅ.; सहा माणसांच्या घरामागे तो अडीच किग्रॅ. च्या जवळपास जातो. घेणाऱ्याच्या चुलीच्या दृष्टीने तो नगण्य नव्हे.

चंद्रपूर–गडचिरोली हा प्रदेश पूर्वी चांदा या एकाच जिल्ह्यात होता. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी वेगळा झाला. गोंड राजवटीनंतर अठराव्या शतकाच्या मध्यास हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे व १८५० नंतरच्या दशकात इंग्रजांकडे गेला. दक्षिणेकडील सिरोंचा भाग निजामाने १८६० मध्ये इंग्रजांना दिला. वर्धा नदीपलीकडील राजुरा तालुका हैदराबाद संस्थानात होता व राज्यपुनर्रचनेनंतर १९५९ मध्ये तो चांदा जिल्ह्यास जोडला गेला. त्यामुळे नदीच्या एका काठावर इंग्रजी रुपया आणि दुसऱ्या काठावर हाली शिक्का, अशी स्थिती दीर्घकाळ होती.

येथील मुसलमान वस्ती विरळ असून ती मुख्यतः शहरे, बाजारगावे व खाणींच्या परिसरात आहे. वरोड्याच्या कोळसा खाणी, पुढे बल्लारपूरच्या खाणी, १९२९ मध्ये पुरा झालेला काझीपेठ–बल्लारशाह लोहमार्ग आणि १९४५ मध्ये स्थापन झालेला बल्लारपूरचा कागद कारखाना यांमुळे बाहेरून कामगार, ठेकेदार व व्यापारी आले. त्यांत बहुसंख्य हनफी होते. दाऊदी बोहरा व्यापाऱ्यांची व्यवस्था मात्र निराळी असून त्यांचे हे दान आमिलामार्फत जमातीकडे जाते.

जिल्ह्याच्या पश्चिमेस वरोडा, भद्रावती, राजुरा या काळ्या जमिनीच्या पट्ट्यात ज्वारी व कापूस पिकतो. पूर्वेस नागभीड, ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल आणि वैनगंगेपलीकडील आरमोरी, कुरखेडा या भागांत जुन्या तलावांच्या पाण्यावर भातशेती होते. हदीसमधील धान्यांच्या यादीत ज्वारीही नाही आणि तांदूळही नाही. अशा जिनसांबाबत हनफी विधान स्पष्ट आहे : त्यांना स्वतःचे माप नाही, अर्धा साअ गहू किंवा पूर्ण साअ जव यांच्या किमतीइतके ते द्यावे अथवा ती किंमतच रोख द्यावी. परिणामी ज्या घरात वर्षभर भात शिजतो, तेथेही फित्रा गव्हाच्या भावाने ठरतो.

महाराष्ट्रातच याच्या उलट उदाहरण कोकणात मिळते. रत्नागिरी, रायगड या जिल्ह्यांतील कोकणी मुसलमान शाफिई आहेत. त्या पंथानुसार प्रदेशाचे जे मुख्य अन्न त्याचा पूर्ण साअ द्यावा लागतो व तो धान्यरूपानेच. त्यामुळे कोकणात माणशी सु. अडीच किग्रॅ. तांदूळ देण्याची रीत आहे. ज्याच्याकडे ईदच्या दिवसापुरते अन्न शिल्लक आहे, अशा प्रत्येकावर शाफिई मत हे दान लादते, हनफी मताने ते केवळ निसाबधारकावर, म्हणजे गरजा भागवून ५२॥ तोळे (६१२·३६ ग्रॅ.) चांदीइतकी मालमत्ता उरणाऱ्यावर, आवश्यक (वाजिब) ठरते. पहिल्या व्यवस्थेत गरीबही दाता होतो व घेणाराही. दुसरीत देणारा आणि घेणारा यांची रेषा अधिक स्पष्ट आहे. भातप्रदेशापुरते बोलायचे तर कोकणातील नियम अन्नाशी अधिक प्रामाणिक आहे. रोख रकमेने मात्र घेणाऱ्याला तेल, मीठ, कापड यांची मोकळीक मिळते, हा हनफींचा युक्तिवादही दुबळा नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दख्खनमध्ये हे दान धान्यरूपाने दिले जाई. जाफर शरीफ यांच्या कानून-ए-इस्लाम या ग्रंथात (इंग्रजी आवृत्ती १८३२) ईदगाहला जाण्यापूर्वी फकीर व गरीब यांना धान्याचा फित्रा वाटण्याचे वर्णन आहे. रोख चलन जसजसे वाढले, तसतशी रक्कम जाहीर करण्याची प्रथा रुळली. हल्ली रमजानच्या मध्यापासून मशिदींतून त्या वर्षीचा दर सांगितला जातो. तो खुल्या बाजारातील भावावर आधारलेला असतो, शिधावाटप दुकानातील नव्हे. कारण शिधापत्रिकेवरील धान्य स्वस्त किंवा मोफत असले, तरी ती त्या जिनसेची खरी किंमत मानता येत नाही.

ईद चांद्र वर्षाची असल्यामुळे ती दर वर्षी सु. अकरा दिवस मागे सरकते व सु. तेहतीस वर्षांत सर्व ऋतूंतून फिरून येते. शेती व जंगल यांवर जगणाऱ्या प्रदेशात याला महत्त्व आहे. १९८२ मध्ये ईद जुलैत होती. त्या दिवसांत बांबूतोड व तेंदू संकलन बंद असते आणि भाताची रोवणी चालू असली, तरी मजुराच्या घरातील जुने धान्य संपत आलेले असते. २०२० मध्ये ती मेच्या अखेरीस, म्हणजे तेंदूच्या हंगामाच्या सुमारास, आली. २०२५ मध्ये ती मार्चच्या शेवटी होती व गहू नुकताच बाजारात येऊ लागला होता. दर एकच असला, तरी त्याची निकड दर वर्षी सारखी नसते.

घेणारा कोण, याबाबतही मतभेद आहेत. फित्रा व्यक्तीच्या मालकीत गेला पाहिजे, म्हणून मशिदीचे बांधकाम किंवा दुरुस्ती यांसाठी तो वापरता येत नाही. दख्खनच्या अनेक खेड्यांत इमामाला फित्रा देण्याची चाल आहे. तो स्वतः गरजू असल्यास हरकत नाही, परंतु वेतन म्हणून दिल्यास फित्रा फिटत नाही, असे धर्मशास्त्रज्ञ बजावतात. बलुतेदारीतील मुलाण्याला सुगीत मिळणारे धान्य हे सेवेचे मोल होते, दान नव्हे. या दोहोंची गल्लत होण्याचे कारण ग्रामव्यवस्थेतच सापडते. गरीब बिगरमुसलमानाला फित्रा देण्यास अबू हनीफा यांनी मुभा दिली होती. अबू यूसुफ व शाफिई यांनी ती नाकारली. मिश्र वस्तीच्या, आणि त्यातही गोंड, माडिया यांसारख्या आदिवासींच्या शेजारात राहणाऱ्या लहान समाजांत हा जुना मतभेद केवळ ग्रंथापुरता राहत नाही.

अलीकडच्या वर्षांत गव्हाबरोबर जव, खजूर आणि मनुका यांचे दरही जाहीर करण्याची पद्धत अनेक शहरांत वाढली आहे. मूळ यादीत चारही जिनसा समान मान्यतेच्या असताना सर्वांत स्वस्त जिन्नसच सर्वांचा दर का ठरावा, असा आक्षेप त्यामागे आहे. खजूर व मनुका यांचा पूर्ण साअ धरल्यास रक्कम गव्हाच्या कितीतरी पट होते. ती कोणी द्यावी याची सक्ती नाही. सधन दात्याच्या विवेकावर ते सोडलेले आहे.