मधपेट्यांचा हिवाळी बंदोबस्त (वसई–विरार)

थंडीच्या दिवसांत पेटीतील ऊब टिकावी आणि आत ओल साठू नये, म्हणून केलेली आच्छादनाची व डागडुजीची कामे. सातेरी (एपिस सेराना) व मेलिफेरा या पेटीत पाळल्या जाणाऱ्या माश्यांपुरतीच ही नोंद आहे. आग्या व फुलोरी माश्या उघड्यावर पोळे बांधतात, म्हणून त्या इथे घेतलेल्या नाहीत.

गरज : पिल्ले वाढत असलेल्या पोळ्याचे तापमान माश्या सुमारे ३३ ते ३६° से. राखतात. कामकरी माश्या उड्डाणाचे स्नायू थरथरवून ही ऊब निर्माण करतात आणि त्यासाठी मध खर्ची पडतो. काश्मीर–हिमाचलात पेट्या पेंढ्यात गच्च बांधाव्या लागतात. वसईत तशी थंडी पडत नाही. जवळच्या सांताक्रूझ वेधशाळेतील नीचांक ७.४° से. (२२ जानेवारी १९६२) आहे. इथे झटायचे ते पहाटेचे दव आणि दमट हवा यांच्याशी. गार पण कोरड्या पेटीतली सशक्त वसाहत तगते; ओल्या पेटीत मात्र पोळ्यांना बुरशी धरते.

छताची गादी : सर्वांत स्वस्त व सर्वांत उपयुक्त उपाय. ऊब वर चढते, म्हणून छप्पर आधी सांभाळावे. भातकापणीनंतर नवा पेंढा मिळतो. तो उन्हात खडखडीत वाळवावा. उडवीच्या तळचा, काळपट पडलेला पेंढा घेऊ नये. तरटाची जुनी गोणी आतल्या झाकणाच्या मापाने कापून तीत दोन-तीन बोटे जाडीचा पेंढा पसरावा व दाभणाने सुतळीचे टाके घालावेत. ही गादी आतले झाकण व छप्पर यांच्यामध्ये बसते. खताच्या किंवा कीटकनाशकाच्या गोण्या कितीही धुतल्या तरी वापरू नयेत. आठवड्याने सकाळीच छप्पर उचलून हात फिरवावा. गादी ओलसर लागली तर उन्हात टाकून पुन्हा बसवावी.

फटी : मेलिफेरा माश्या झाडांचा चीक आणून फटी बुजवतात, सातेरी तसे करत नाही. त्यामुळे जुन्या पेटीचे सांधे बाहेरून शेणमातीने लिंपणे हे पाळणाऱ्याचेच काम ठरते. रिकाम्या चौकटी काढून मधली फळी आत सरकवली की माश्यांना कमी जागा उबवावी लागते.

बाजू : झावळ्यांचा किंवा कारवीच्या कुडाचा आडोसा पुरतो. पेंढा पेटीभोवती जमिनीपर्यंत लोंबू देऊ नये. पेटी ठेवलेल्या घोडीच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या असल्या तरी मुंग्या लोंबत्या पेंढ्यावरून चढतात. थर्माकोल हलका व उबदार असला तरी मेणकिड्याच्या अळ्या तो पोखरतात.

दार व हवा : मतभेद आहेत. कोवळे ऊन मिळावे म्हणून दार पूर्वेकडे ठेवण्याचा प्रघात आहे. रात्रीचा गार वाराही जमिनीकडून, म्हणजे बहुधा त्याच बाजूने येतो. वर हवेसाठी फट ठेवावी की नाही, यावरही एकमत नाही.

संस्था : केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था, पुणे (स्थापना १९६२), खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय, महाबळेश्वर. राज्याच्या ‘मधाचे गाव’ उपक्रमात मांघरनंतर (२०२२) पालघर जिल्ह्यातील घोलवडचाही समावेश झाला.

उन्हाळा : गादी काढू नये. ती नसेल तर मार्च ते मे या काळात पत्र्याचे छप्पर तापून पोळी मऊ पडतात आणि सातेरी पेटी सोडून जाते.