मीटरच्या पुढची तार
मुळशी तालुक्याला विजेची ओळख प्रथम धरणाच्या रूपाने झाली. सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली १९२१ साली सुरू झालेला सत्याग्रह धरण थांबवू शकला नाही, आणि १९२७ पासून मुळशीचे पाणी घाटाखाली भिऱ्याच्या टाटा वीजगृहात उतरू लागले. वीज मात्र मुंबईला गेली. गावोगाव वीज नेण्याचे काम मुख्यतः २० जून १९६० रोजी स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य वीज मंडळाच्या काळात झाले. कोळवण खोऱ्यासारख्या भातशेतीच्या मुलखात घर आणि गोठा यांच्यामध्ये बहुधा अंगण असते. मीटर घरात बसतो आणि गोठ्यातल्या दिव्यासाठी मेन स्विचमधून वेगळी तार अंगणावरून न्यावी लागते. मुख्य पुरवठ्यातून दुसऱ्या इमारतीकडे काढलेल्या या शाखेला वायरिंगच्या परिभाषेत सब-मेन म्हणतात.

अशा जोडणीला कायद्याची चौकट होती ती १९१० च्या भारतीय वीज कायद्याची आणि पुढे १९५६ च्या भारतीय वीज नियमांची. नियम ४५ नुसार दिवा किंवा फ्यूज बदलण्यासारखी किरकोळ कामे सोडता वायरिंगचे काम, त्यात नंतरची वाढही आली, परवानाधारक ठेकेदारानेच करायचे होते. काम झाल्यावर ठेकेदार चाचणी अहवाल देई; व्यवहारात त्याला सगळेच ‘टेस्ट रिपोर्ट’ म्हणत. त्यातला कळीचा आकडा इन्सुलेशनचा, म्हणजे तारेवरील रोधक आवरण वीज किती अडवते याचा असे. तो मोजणारे मेगर हे उपकरण इंग्लंडमधील एव्हरशेड अँड व्हिग्नोल्स कंपनीचे; १९०३ साली नोंदवलेले हे व्यापारनाव पुढे उपकरणाचेच नाव होऊन बसले. मेन स्विच बंद करून, पण फ्यूज जागेवर आणि बटणे चालू ठेवून, मेगरचे एक टोक तारेला व दुसरे अर्थला जोडायचे, आणि दांडा एकसारख्या गतीने फिरवत ५०० व्होल्टचा दाब मिनिटभर धरायचा. काटा एक मेगओहमच्या खाली राहिला तर जोडणी नाकारण्याजोगी ठरे. भिंतीतल्या ओलीने हा आकडा खाली येतो, त्यामुळे मावळातल्या पावसाळ्यात आणि वैशाखात घेतलेल्या मापनांत फरक पडणे स्वाभाविकच म्हणावे लागेल.

अर्थिंगचे मात्र याच्या उलट आहे. खड्ड्यात तांब्याचा किंवा जस्तलेपित लोखंडाचा पत्रा उभा पुरून भोवती कोळसा आणि मीठ यांचे थर देण्याची पद्धत आजही परिचित आहे. कोरड्या मुरमात जमिनीचा रोध वाढतो, म्हणून उन्हाळ्यात त्या खड्ड्यात पाणी ओतावे लागते. गोठ्यात याचे महत्त्व घरापेक्षा अधिक असते, कारण जनावराचे चारही पाय ओल्या जमिनीवर असतात, पुढच्या आणि मागच्या पायांतले अंतर मोठे असते आणि त्यांच्यामधून वाहणारा प्रवाह छातीतून जातो. ब्रिटिश वायरिंग नियमांच्या १९९१ च्या आवृत्तीत शेतीच्या इमारतींसाठी स्वतंत्र विभाग होता आणि तेथे स्पर्श-दाबाची, म्हणजे बिघाडात धातूच्या भागाला स्पर्श होताच अंगावर येणाऱ्या दाबाची, नेहमीची ५० व्होल्टची मर्यादा २५ वर आणलेली होती.

भारतीय नियमांची नजर गोठ्यापर्यंत फारशी पोचली नाही. गोठ्यातली तार तपासणीविना राहिली तर वर्तमानपत्री भाषेत त्याला ग्राहकाची बेपर्वाई म्हटले जाते, पण दोष नियमांच्या रचनेतही आहे: टेस्ट रिपोर्ट जोडणीच्या वेळी मागितला जातो, आणि पाच-दहा वर्षांनी गोठा बांधून त्याकडे तार ओढली तर त्याच मीटरवर नवा अहवाल मागायला कोणी येत नाही. पाच वर्षांच्या आत फेरतपासणीची तरतूद १९५६ च्या नियमांत होती. ती कागदावर जितकी ठाम होती तितकी विखुरलेल्या वाड्या-वस्त्यांत पाळणे शक्य नव्हते. पुढे केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या २०१० च्या सुरक्षा विनियमांनी गळती होताच पुरवठा तोडणारे साधन सक्तीचे केले आणि घरगुती जोडणीसाठी गळतीची मर्यादा ३० मिलीअँपिअर ठरवली. परंतु २५० व्होल्टपर्यंतच्या, ५ किलोवॉटहून कमी भाराच्या जोडण्या त्या सक्तीतून वगळल्या. दोन-चार दिवे, एक पंखा आणि कडबाकुट्टीची छोटी मोटार एवढा भार असलेले घर गोठ्यासह त्या सवलतीत सहज बसत होते.