नारायण कार्तिकेयन

नारायण कार्तिकेयन (जन्म : १४ जानेवारी १९७७, मद्रास) हे फॉर्म्युला वनमधील पहिले भारतीय चालक. कोइमतूर येथे वाढलेल्या नारायण यांना मोटारशर्यतीचा वारसा रॅलीचालक वडील जी. आर. कार्तिकेयन यांच्याकडून लाभला.

२००५ मध्ये जॉर्डन संघाकडून त्यांनी पदार्पण केले. त्याच वर्षी इंडियानापोलिस येथे ते चौथे आले. टायरच्या सुरक्षेच्या प्रश्नावरून चौदा मोटारींनी माघार घेतल्याने तेथे सहाच मोटारी धावल्या होत्या. त्या शर्यतीतील ५ गुण हीच त्यांची फॉर्म्युला वनमधील एकूण कमाई ठरली. पुढे विल्यम्स संघात त्यांना केवळ चाचणी चालकाचे काम मिळाले.

२०१० मध्ये ते अमेरिकेतील नॅसकारच्या ट्रक मालिकेत उतरले. लंबवर्तुळाकार मार्ग, वजनदार गाड्या आणि धक्काबुक्की हे या स्टॉक कार शर्यतींचे वैशिष्ट्य. मार्टिन्सव्हिल येथील पहिल्याच शर्यतीत ते तेरावे आले आणि त्या मोसमातील सर्वांत लोकप्रिय चालक म्हणून चाहत्यांनी त्यांनाच कौल दिला. त्याच वर्षी त्यांना पद्मश्री मिळाली.

२०११ मध्ये एचआरटी संघातून ते फॉर्म्युला वनमध्ये परतले व भारतातील पहिल्या ग्रांप्रीत धावले. २०१९ मध्ये, वयाच्या ४२व्या वर्षी, जपानमधील फुजी येथे त्यांनी विजय मिळविला.